क्षितिज वाकडं आहे

फोटोंच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, भिंतीवरच्या फोटोंच्या आधी बापूकाका दिसतात. ते आमच्या सोसायटीतलेच बापूकाका असतील असं नाही, पण एक बापूकाका तिथे असतातच. साठी उलटलेली, अंगात मातकट रंगाचं पुष्कळ खिशांचं जाकीट, पायात आवाज न करणारे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात कॅमेरा. दुसऱ्याच्या प्रदर्शनात आपला कॅमेरा कशाला, असं विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं. "भिंतीवरचे फोटो बघणारी माणसं हासुद्धा रस्ताच आहे," असं उत्तर मिळालं, आणि ते देता देता त्यांनी एका जांभई देणाऱ्या गृहस्थांना टिपलंही.

त्या कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव काळ्या इन्शुलेशन टेपने झाकलेलं आहे. कारण फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकून टाकायचा, रस्त्यावरच्या लोकांच्या नजरेत कॅमेरा भरू नये म्हणून. ब्रेसाँचा लायका तळहातात लपायचा. काकांचं प्रकरण लेन्ससकट दीड किलोच्या घरात आहे, आणि टेप लावल्यापासून लोक ते जास्तच निरखून बघतात. "काका, तुटलाय का हो?" असंही विचारतात. पण ब्रेसाँसाहेबांनी केलं म्हटल्यावर विषय संपला. काका त्याला साहेब म्हणतात. बँकेत चौतीस वर्षं काढली त्यांनी, पण तिथल्या एकाही साहेबाला मनापासून साहेब म्हटलं नसेल.

त्यांची फोटो बघण्याची पद्धत ठरलेली आहे. दाराशी ठेवलेलं माहितीपत्रक घ्यायचं नाही. पहिल्या फोटोकडे ढुंकूनही न बघता थेट शेवटच्या भिंतीशी जायचं. "सुरुवातीला सगळेच चांगले लावतात रे. माणूस कळतो तो शेवटच्या भिंतीवर." तिथे चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लागेल इतकं जवळ जायचं आणि केसांचे, दाढीचे, विटेच्या कपच्यांचे तपशील तपासायचे. मग मागे न बघता मागे मागे यायचं. या उलट्या चालीत त्यांनी आजवर बऱ्याच जणांचे पाय तुडवलेत, त्यात एकदा उद्‌घाटनाला आलेले प्रमुख पाहुणेही होते. मग थांबायचं, डोळे अर्धे मिटायचे, मान डावीकडे कलती करायची आणि दाराशी बसलेल्या वॉचमनपर्यंत पोचेल इतक्या हळू आवाजात म्हणायचं, "क्षितिज वाकडं आहे."

आता बोहरी आळीतल्या गर्दीच्या फोटोत क्षितिज कुठून यायचं? पण काका शोधतात. दुकानाची पाटी, विजेची तार, ओट्याची कड, काहीतरी आडवं असतंच. तेही नसलं तर दुसरा शेरा तयार असतो: "एक पाऊल पुढे जायला हवं होतं." तिसरा शेरा जरा दुखऱ्या आवाजात येतो. "हा कोपरा बघ. मी इथेच उभा होतो. गणपतीत. ह्याच्या आधी." लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीचा ढोलवाल्यांचा फोटो आजवर ज्याने ज्याने काढला, तो काकांच्या खांद्यावरून काढला अशी त्यांची पक्की समजूत आहे.

आणि फोटो खरंच चांगला असला तर काका काहीच बोलत नाहीत. "हं" म्हणतात. तो "हं" मिळावा म्हणून एक तरुण छायाचित्रकार त्यांच्या मागे मागे अख्खं दालन फिरलेला मी पाहिलाय. बिचाऱ्याला शेवटी "प्रिंट कुठे केलेस?" एवढंच मिळालं.

सगळ्यात राग येतो तो "कुठला कॅमेरा आहे तुमचा?" असं विचारणाऱ्यांचा. "शिवणकामाचं मशीन कुठलं ते विचारून झबलं घेतो का आपण?" असं ते बाहेर आल्यावर तणतणतात. मात्र ते स्वतः "लेन्स पस्तीसची की पन्नासची?" असं विचारतात, आणि हे त्यांच्या मते संपूर्ण वेगळं आहे.

अभिप्राय वहीजवळ त्यांचा मुक्काम सगळ्यात लांबतो. बाकीचे लोक "अप्रतिम!" किंवा "पुढील वाटचालीस शुभेच्छा" लिहून मोकळे होतात, लहान मुलं फूल काढतात. काका आधीची दोन पानं वाचतात, मान हलवतात, स्वतःचं शाईचं पेन काढतात आणि एक पान घेतात. फोटो क्रमांक, दोष, उपाय अशी मांडणी. एखाद्या ठिकाणी आकृतीसुद्धा असते, त्यात छायाचित्रकार कुठे उभा होता आणि कुठे असायला हवा होता हे बाणाने दाखवलेलं. खाली सही, आणि सहीखाली फोन नंबर. नवल म्हणजे काही जण त्या नंबरवर फोन करतात. काका त्यांना घरी बोलावतात, काकू पोहे करतात, आणि तीन तासांनी तो मुलगा डोकं भणभणलेल्या अवस्थेत लिफ्टमध्ये भेटतो.

वर्षातून एक-दोनदा मुंबईची वारी असते, जहांगीर आर्ट गॅलरीची. काकांच्या लेखी १९५२ साली ही वास्तू उभी राहिली ते मुंबईवरचे उपकार आहेत. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. गॅलरी अकराला उघडते. स्टेशनपासून काळा घोडा चालत वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे हिशेबाने आपण दार उघडायच्या वेळेला हजर. काकांबरोबर गेलं की दीड वाजतो. कारण दादाभाई नौरोजी रोडवरच्या कमानींखाली सकाळी उन्हाचे पट्टे पडतात. त्या पट्ट्यांपाशी काका थांबतात. "थांब. आता एक छत्रीवाला येईल." मार्च महिना चालू असतो. छत्रीवाला येत नाही. झेरॉक्सवाला येतो, टाय लावलेले वकील येतात, कुरिअरवाला येतो, पण काकांच्या चौकटीत छत्रीच हवी असते. शेवटी ते सुस्कारा टाकून निघतात आणि फ्लोरा फाउंटनशी पुन्हा थांबतात.

गॅलरीत काय बघितलं हे त्यांना परतीच्या गाडीत बोलायचं असतं, कारण बोलायची खरी जागा गेली. जहांगीरमधला समोवार कॅफे २०१५ साली बंद झाला. तेव्हापासून मुंबईत फोटोंवर नीट भांडणच होत नाही, असं त्यांचं मत आहे. मी त्यांना एकदा नवा कॅफे दाखवला. त्यांनी कॉफीचा भाव वाचला आणि बाहेर फुटपाथवर, पाच मिनिटांत पोर्ट्रेट काढून देणाऱ्या चित्रकारांशेजारी उभं राहून चहा घेतला.

काकांच्या हॉलमध्ये, जिथे इतरांकडे मुलांच्या पदवीदानाचे फोटो असतात, तिथे ब्रेसाँचा १९३२ सालचा फोटो आहे. पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, आणि त्याची टाच पाण्याला टेकायला अगदी थोडं अंतर उरलंय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला काका त्या टाचेपाशी नेतात. काकू लग्नापासून तो माणूस बघतायत. त्यांचा त्यावर एकच प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही: "पडला का हो तो?"

काकांचा धर्म असा की फोटो काढतानाच पुरा व्हायला हवा, नंतर कापाकापी करायची नाही. क्रॉप म्हणजे लबाडी. हेही ब्रेसाँसाहेबांचंच. एकदा त्यांच्या भाच्याने, कॉलेजात जाणारा मुलगा तो, पोहे खाता खाता सांगितलं की हा उडीवाला फोटो स्वतः ब्रेसाँने क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला होता, डाव्या बाजूला फळी आली होती, ती कापली. भाचा बरोबर होता. काकांनी बशी खाली ठेवली. दोन दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला गाठून म्हणाले, "फळी होती म्हणून. आपल्याला कुठे फळी असते?"

ब्रेसाँबद्दलची एकच गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलतो. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांना दाखवत होता. तिथून निघाला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्याची बातमी आली. मग त्याने त्या रात्रीचे आणि अंत्ययात्रेचे फोटो काढले. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. पण काका ती सांगताना एकदाही फोटोतलं क्षितिज काढत नाहीत.

फ्लॅश हे त्यांच्या लेखी पाप आहे. "फ्लॅश मारणं म्हणजे देवळात हॉर्न वाजवणं." आणि दुसरं पाप रंग. रस्ता काळापांढराच. रघुबीर सिंगांचं नाव काढलं की काका अडचणीत येतात. जयपूरचा तो माणूस, १९९९ साली गेला, आयुष्यभर भारतातले रस्ते रंगातच टिपत राहिला, आणि इथल्या डोळ्याला रंगच दिसतो, काळंपांढरं हे आपलं नव्हेच, असं मांडत राहिला. अँबॅसेडर गाडीच्या दारा-खिडक्यांतून दिसणारा देश त्याने एका पुस्तकात धरलाय. काका ते पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात ठेवतात. "फार मोठा माणूस," म्हणतात, "पण…" त्या 'पण'च्या पुढे ते आजवर गेलेले नाहीत.

एकदा त्यांच्याबरोबर मंडईत जायला हवं. सकाळी सात. १८८६ सालची ती दगडी इमारत, वरून तिरपा येणारा उजेड, त्यात तरंगणारी भाजीची धूळ. काका मेथी बघतोय असं दाखवत कॅमेरा कमरेशी धरून शिरतात. लोकांच्या नकळत फोटो काढायचा, हा या कलेचा पहिला नियम. आणि पहिल्या गाळ्यावरून आरोळी जाते: "आले गं बाई फोटूवाले काका!" ती आरोळी गाळ्यागाळ्याने पुढे सरकते. पदर नीट होतात, टोप्या सरळ होतात, एक टोमॅटोवाला तर केसांवरून पाण्याचा हात फिरवतो. नियम तिथेच संपला.

पण काका पक्के आहेत. ते कॅमेरा खाली ठेवतात आणि रिकाम्या क्रेटवर बसतात. चहा येतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल, कांद्याचा भाव, सगळं निघतं. अर्धा तास जातो, पाऊण तास जातो. लोकांना काकांचा कंटाळा येतो. त्यांना काकांचा कंटाळा यावा, हेच तर काकांना हवं असतं. मग डावा हात लेन्सखाली जातो, अंगठा रिंगवर फिरतो, काका श्वास सोडून थांबतात, आणि बारीकसा 'टक्'. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर त्यांनी पुठ्ठ्याचा एक पडदा चिकटवलाय, कारण ब्रेसाँला काढलेला फोटो लगेच बघता येत नव्हता. तेव्हा काकाही बघत नाहीत. दहा सेकंद. मग इकडेतिकडे बघून पुठ्ठा हळूच उचलतात.

हे बाहेर शोभतं. घरात त्याचं काय होतं ते काकूंना विचारा. "दोन सेकंद थांब" असं सांगून काका जिथे जिथे थांबलेत, तिथे तिथे काकूंनी भाजी, नातवंडं किंवा गॅस सिलेंडरची पावती हातात धरून वाट बघितलीय. पुतणीच्या लग्नात, कॅमेरा आहेच तर, म्हणून भावाने फोटोंचं काम काकांवर सोपवलं. अल्बम आला. त्यात खुर्चीत झोपलेला सनईवाला होता, मांडवाबाहेरचा चपलांचा ढीग तीन कोनांतून होता, जांभई देणारे गुरुजी होते, बुंदीच्या पातेल्यात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब होतं. नवरी दोन फोटोंत होती, एकात पाठमोरी आणि एकात नुसता मेंदीचा हात. भाऊ सहा महिने बोलत नव्हता. त्यानंतर कुठल्याही कार्यात काकांना कुणी फोटोंचं सांगितलं नाही. काकूंचं म्हणणं, हे त्यांनी मुद्दामच केलं असणार.

"एकदा प्रदर्शन करायचंय" हे वाक्य काका निवृत्तीपासून म्हणत होते. फोटो हार्डडिस्कमध्ये, हार्डडिस्क काकूंच्या साड्यांच्या कपाटात. हे तसंच चालू राहिलं असतं. पण एकदा जेवताना काकांनी व्हिव्हियन मायरची कथा सांगितली. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणारी बाई. आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढत राहिली, दाखवले जवळजवळ कुणालाच नाहीत. सामान ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकलं म्हणून २००७ साली सगळं लिलावात निघालं, एक लाखाच्या वर निगेटिव्ह. २००९ मध्ये ती गेली, आणि जगभर नाव झालं ते त्यानंतर. "केवढी ही निष्ठा!" असं म्हणून काकांनी ताक घेतलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गेल्यावर हे निस्तरायचं मी." भाच्याला तेवढंच हवं होतं. त्याने गॅरी विनोग्रँड या छायाचित्रकाराचं सांगितलं: १९८४ साली गेला तेव्हा अडीच हजाराच्या आसपास रोल नुसते धुवायचे राहिले होते. काकू उठल्या, कपाट उघडलं, हार्डडिस्क टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "ह्या दिवाळीच्या आत."

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात तीन दिवस मिळाले. मग निवड. हॉलच्या फरशीवर पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट मांडल्या गेल्या, आणि घरातले लोक भिंतीला पाठ लावून आडवे चालायला लागले. चाळीस फोटो ठरले, पण क्रम काही ठरेना. कुठल्या फोटोशेजारी कुठला, यावर काकांनी झोप उडवून घेतली. एके सकाळी कामाच्या मावशींनी फरशी पुसायला सगळे फोटो गोळा केले आणि पुसून झाल्यावर हाताला येतील तसे परत मांडले. काका आंघोळ करून बाहेर आले ते टॉवेलवरच उभे राहिले. तासाभराने म्हणाले, "हं." प्रदर्शनात तोच क्रम लागला.

फ्रेमवाल्याने किती दिवस झुलवलं ते सांगत नाही, सगळ्यांनाच झुलवतात. टांगायच्या दिवशी मी, भाचा आणि काका. काकांनी पाणसळ आणली होती. पूर्वी बंगल्याच्या बांधकामाला वापरलेली. प्रत्येक फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, जगभरच्या गॅलऱ्यांत तसाच धरतात म्हणे. "काका, आपली माणसं बुटकी असतात, दोन इंच खाली घेऊ," असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत मान हलवली. चाळीस फ्रेमा, प्रत्येक वेळी तो बुडबुडा मध्ये येईपर्यंत माझे हात वर. माझे खांदे पुढचे दोन दिवस ५७ इंचांवरच होते.

फोटोंना नावं काकांनीच दिली. 'प्रतीक्षा – ३'. 'निःशब्द'. तांबट आळीतल्या हातोड्याच्या फोटोला 'नाद'. आणि सगळ्यात मोठा, दारासमोरचा फोटो: मंडईतल्या एका मावशींचे सुरकुतलेले हात, मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या, चेहरा अर्धा अंधारात. नाव, 'काळ'. काकू ते कार्ड वाचून म्हणाल्या, "ती कोथिंबीर निवडतेय. ह्यात काळ कुठून आला?"

पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले. नातेवाईक आले, बँकेतले मित्र आले, एसीसाठी आलेले लोक आले आणि खुर्च्या कुठे आहेत ते विचारून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. साठी उलटलेली, जाकीट, खिसे काकांपेक्षा जास्तच असावेत. माहितीपत्रक घेतलं नाही. थेट शेवटच्या भिंतीशी गेले. चष्मा वर गेला, नाक काचेला लागलं, मग ते उलटे येऊ लागले. काकांचा चेहरा मी बघत होतो. गृहस्थांनी मान डावीकडे कलती केली. मग काय म्हणाले ते मी लिहीत नाही. काकांनी त्यांना दंडाला धरून चहाला नेलं आणि दोघे संध्याकाळी दिवे लागल्यावर परत आले, लेन्स पस्तीसची की पन्नासची यावर भांडत.

खरी मजा रविवारी झाली. काकांनी मंडईत, तांबट आळीत, जुन्या बाजारात जाऊन ज्यांचे ज्यांचे फोटो लावले होते त्यांना स्वतः पत्रिका दिली होती. येईल कोण, असं आम्हाला वाटत होतं. दुपारी मंडईच्या मावशी आल्या. सून बरोबर, दोन नातवंडं बरोबर, इरकली नेसलेल्या, अंबाड्यात गजरा. दारात चपला काढल्या. आत आल्या आणि समोर स्वतःलाच बघून थबकल्या.

"आवो काका! हे काय काळंपांढरं लावलंय? मी काय मेली का काय?"

दालनातले सगळे वळले. काका खाली वाकून चष्मा पुसायला लागले. "मावशी, तो कलेचा… उजेड बघा ना, हातावर कसा पडलाय."

"उजेड कुठंय? निम्मं थोबाड अंधारात. अन् हात बघा, भेगा मोजून घ्या कुनी. हार घालून लावतात तसला फोटू केलाय माझा!"

सून हसायला लागली. छोटा नातू विचारत होता, आज्जी कुठाय. मावशींची नजर कार्डावर गेली. नाव वाचून घेतलं, 'काळ' ऐकून कपाळाला हात लावला. खालचा आकडा वाचून घेतला.

"आठ हजार? माझ्या फोटूचे?"

"हो."

"कुनी घेतला तर त्यातले मला किती?"

या प्रश्नावर रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांनी जगभर बरेच वाद घातलेत, परिसंवाद झालेत, कोर्टकचेऱ्याही झाल्यात. काकांना विचार करायला दोन सेकंद लागले. खरे दोन सेकंद. बँकेतला माणूस जागा झाला आणि म्हणाला, "अर्धे."

"मग धा लिवा," मावशी म्हणाल्या.

भाच्याने पेन काढलं आणि कार्डावर दहा हजार केले. तेवढ्यात काकांचा हात जाकिटाच्या आतल्या खिशात गेला. मी त्या जाकिटाचे खिसे वर्षानुवर्षं बघतोय, त्यांत जास्तीची बॅटरी, रुमाल, शेंगदाणे आणि पेन असतं. हा खिसा पहिल्यांदाच उघडला. त्यातून लॅबचं पिवळं पाकीट आणि पाकिटातून एक पोस्टकार्डाएवढा फोटो निघाला. रंगीत. मावशी कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, पदर दोन्ही खांद्यांवरून, कोथिंबीर बाजूला सारलेली, मागे हिरव्यागार भाजीचा ढीग आणि कुणाचा तरी कोपर. क्षितिज म्हणाल तर पूर्ण कलंडलेलं.

"हा बघा!" मावशी म्हणाल्या. "हा लावायचा हुता की हितं!"

पाकीट जाड होतं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं. मग हळूहळू कळलं ते असं की चाळीसपैकी माणूस असलेल्या प्रत्येक फोटोमागे असा एक रंगीत आहे. रस्त्यावर आपल्याला हवा तो फोटो काढून झाला की काका त्या माणसाला सरळ उभं करतात, केस नीट करायला सांगतात, "हसा" म्हणतात, आणि त्यांच्यासाठी एक काढतात. पुढच्या फेरीला नेऊन देतात. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, काकूंनाही नाही. "त्याचा कलेशी संबंध नाही," ते पुटपुटले. "त्यांना घरी लावायला लागतो ना काहीतरी."

खरं सांगायचं तर काळापांढराच उजवा होता. शेजारी शेजारी धरून बघितलं मी. त्या हातांवरचा उजेड असा आहे की माणूस थांबतो, आणि रंगीतमध्ये तो कोपर सारखा डोळ्यात येतो. पण मावशींना हे पटवून द्यायची हिंमत दालनातल्या एकालाही झाली नाही. जाकीटवाले ते दुसरे गृहस्थ रविवारीही आले होते, ते जवळ आले, रंगीत फोटो नाकाशी धरला आणि म्हणाले, "हं." रघुबीर सिंगांना ही साक्ष उपयोगी पडली असती.

'काळ' विकला गेला. एका डॉक्टरीणबाईंनी घेतला, दहा हजारांना, घासाघीस न करता. काका दुसऱ्या दिवशी पाच हजार पाकिटात घालून मंडईत गेले. मावशींनी ते थुंकी लावून मोजले, कनवटीला लावले, आणि काकांकडून कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये मात्र घेतले. "धंदा वेगळा," म्हणाल्या. मग त्यांनी खरं काम काढलं. धाकट्या लेकाचं लग्न होतं सासवडला. फोटो काकांनीच काढायचे. सगळे रंगीत. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. नवरा-नवरी मध्ये, दोन्हीकडची पाहुणेमंडळी उभी, एकाचंही डोकं कापायचं नाही. आणि चपलांचे फोटो काढलेत तर याद राखा, असं बजावलं. चपलांचं त्यांना कुणी सांगितलं हे मला ठाऊक आहे. काकू हल्ली मंडईत एकट्याच जातात.

पुतणीच्या लग्नानंतर काकांनी कुणालाही इतक्या पटकन हो म्हटलं नव्हतं. गेले चार दिवस ते दोन माणसांमधलं अंतर मोजतायत. काल रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला.

"अरे, झोपलास का? मांडव लाल कापडाचा आहे म्हणे. आत सगळेच लाल दिसणार. तुझ्या त्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडे फ्लॅश मिळेल का रे? दोनच दिवस. आणि हे भाच्याला सांगू नकोस."

मागून काकूंचा आवाज आला, "दोन मागा. एक बंद पडला तर?"